त्यांच्या पश्चात एक मुलगा

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेला ठरलेला साचा असतो. गाव, नाव, वय, निधनाचे कारण, अंत्यसंस्कार कुठे झाले, आणि शेवटी एक ओळ: त्यांच्या पश्चात अमुक अमुक असा परिवार आहे. जळगावात जिल्हा डेस्कवर बसायला लागल्यापासून अशा वार्ता मी रोज हातावेगळ्या करत आलो आहे. स्वतःच्या वडिलांचीही मीच लिहिली.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी होती. सकाळी गिरणी उघडतानाच छातीत दुखले, धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. दुपारी अंत्यसंस्कार आटोपल्यावर मी घराच्या ओट्यावर बसून मोबाइलवर बातमी टाइप केली. शेजारी नानांचे मोठे भाऊ बसले होते. त्यांना सगळे गाव आबा म्हणते. 'वाच,' ते म्हणाले. मी वाचली. 'त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, सून, दोन नाती असा परिवार आहे.' आबांनी मान हलवली. मी बातमी डेस्कला पाठवून दिली.

नानांना एक मुलगीही आहे. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी तिने दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केले. ती फैजपूरला असते, तिथल्या एका खासगी शाळेत शिकवते. नवरा केळीच्या गाड्या भरून देण्याचे काम करतो. लग्नावरून घरात आरडाओरडा झाला नाही. नानांनी तिचे नाव घेणे थांबवले, मग बाकीच्यांनीही थांबवले. तिचा नंबर माझ्याकडे होता. दिवाळीला तिचा एक मेसेज येई, माझा एक जाई.

नाना गेले त्या दिवशी मी तिला फोन केला नाही. घरातले कुणीतरी करेल असे धरून चाललो. घरात फोन करू शकेल असा मी एकटाच होतो.

अक्का आली नाही. दहाव्यालाही नाही, बाराव्यालाही नाही. आई, जिला आम्ही माय म्हणतो, तिला वाचता येत नाही. महिन्याभराने धान्य निवडता निवडता ती म्हणाली, "पेपरमा उनं व्हतं. तिनी वाचं व्हई. तरी उनी नही." पेपरात आले होते, तिने वाचलेच असेल, तरी आली नाही. मी समोरच बसलो होतो. 

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला. तो माझ्याआधी इतरांच्या लक्षात आला. निधनवार्ता आली की मी त्या घरी फोन लावू लागलो. वय बरोबर आहे का, अंत्ययात्रा किती वाजता, हे विचारायचेच असते. पण मी विचारत असे, "मुली किती?" समोरचा म्हणे, "दोन." मी विचारी, "नक्की दोनच ना? बाहेरगावी वगैरे आणखी कुणी?" दुःखाच्या घरी असे प्रश्न कुणी विचारत नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मला जनगणनावाला म्हणू लागला. "साहेब, ह्या घरातलं कुत्रं राहिलं बघा मोजायचं." मी हसत असे. फोन मात्र बंद केले नाहीत. घरी बायको सांगे की झोपेत मी दात खातो. दंतवैद्याने कारण विचारले तेव्हा मी कामाचा ताण असे सांगितले.

सात-आठ महिने असे गेले. मग मुक्ताईनगर तालुक्यातून एक वार्ता आली. वार्ताहराने पाठवलेल्या मजकुरात 'दोन मुले, एक मुलगी' असे होते. घरचा फोन लागेना, म्हणून मी त्याच गावातल्या एका किराणा दुकानात लावला. दुकानदार म्हणाला, "मुली दोन आहेत. धाकटीचं नाव घेत नाहीत ते लोक." मी 'एक' खोडून 'दोन' केले.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांची दोन्ही मुले कार्यालयात आली. डोके भादरलेले, खांद्यावर पंचा. थोरला आवाज न चढवता बोलत होता.

"आमचे वडील वारले. बातमी आम्ही दिली. माणसं तुम्ही वाढवली."

"माहिती चुकीची आहे का?" मी विचारले.

"चुकीची असती तर दुरुस्ती मागितली असती. आमच्या घरात कोणाला मोजायचं, ते तुमच्या टेबलावर ठरतं का?"

वृत्तसंपादक मॅडमनी त्यांना पाणी दिले, चहा दिला आणि त्यांची माफी मागितली. ते गेल्यावर मला लेखी खुलासा द्यायला सांगितले. मी तीन वाक्ये लिहिली. 'मूळ मजकुरात एक मुलगी असा उल्लेख होता. दूरध्वनीवरून दोन मुली असल्याचे समजले. त्यानुसार बदल करण्यात आला.'

मॅडमनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "कोणाला समजलं?"

"मला."

"बदल कोणी केला?"

"मी."

"मग तसं लिही. तीन वाक्यांत एकही माणूस नाही. बातमीत चालतं, खुलाशात नाही."

मी खोडून पुन्हा लिहिले. त्यांनी वाचून सही केली. मग म्हणाल्या, "एक विचारते. तुझ्या वडिलांची वार्ता मीच लावली होती पानात. तुला मोठी बहीण आहे असं तू कधीतरी म्हणाला होतास. वार्तेत ती नव्हती. मला वाटलं, ती आधीच वारली असावी. म्हणून बोलले नाही."

मी त्यांना सांगितले की बहीण आहे, फैजपूरला आहे. नाव घालू नको असे आमच्या आबांनी सांगितले होते. हेच मी बायकोलाही सांगितले होते आणि ते सांगताना मला कधी खोटे बोलतो आहे असे वाटले नाही.

"त्यांना विचारलंस का, असं का सांगितलं म्हणून?"

"त्यात काय विचारायचं?"

"दुसरी बाजू," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

दुसरी बाजू घेतल्याशिवाय आरोपाची बातमी छापत नाहीत. नव्या मुलांना हा नियम मीच शिकवतो. पुढच्या सुटीच्या दिवशी मी गावी गेलो. आबा अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सरळ विचारले.

"आबा, नानांच्या बातमीत अक्काचं नाव घालू नको, असं तुम्ही सांगितलं होतं ना?"

"कोन, मी?"

"तुम्ही शेजारी बसला होता."

"बठेल व्हतू. तू वाचं, मी ऐकं. मी काहीच बोलनू नही." त्यांनी दोन शेंगा फोडल्या. "माले वाटनं, पेपरवाला पोऱ्या शे, त्यासना काही नियम व्हई. लगीन व्हयेल पोरी पेपरमा मोजतस नहीत."

म्हणजे लग्न झालेल्या मुली पेपरात मोजत नसतील, अशी आबांची समजूत झाली होती. मी नियम मोडतो आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. उलट नियम पाळतो आहे असे वाटले होते.

परतीच्या बसमध्ये धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत मी तो दिवस क्रमाने आठवला. ओटा, मोबाइल, आबांचे धोतर, आतून येणारे बायकांचे रडणे. आबांनी 'वाच' म्हटले ते टाइप झाल्यानंतर. त्याआधी कुणीही काही बोलले नव्हते. 'एक मुलगा' टाइप करताना माझा अंगठा अडखळला नव्हता. अडखळला असता तर मला आठवले असते. आबांच्या तोंडचे वाक्य मीच नंतर कधीतरी तयार केले होते आणि पुन्हा पुन्हा सांगून पक्के केले होते. आठ महिने मी अनोळखी माणसांच्या मुली मोजत होतो त्याचे कारणही मग वेगळे शोधावे लागले नाही. डेस्कवरच्या माणसाला चूक माहीत होती. ओट्यावर बसलेल्या मुलाला ती कबूल करायची नव्हती. दोघांनाही एकाच शरीरात नोकरी करायची असल्यामुळे त्यांनी दुसऱ्यांच्या घरी फोन करण्यावर तडजोड केली होती.

इथवर सगळे स्पष्ट होते. मी ते का केले, एवढेच स्पष्ट नव्हते.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी भुसावळमार्गे फैजपूरला गेलो. येतो आहे असे मेसेजवर कळवले होते. तिचे उत्तर आले होते, 'ये.' घरी तिचा नवरा नव्हता, गाडी भरायला गेला होता. अक्का गच्चीवर होती. उन्हात साड्या अंथरून त्यांवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातल्या होत्या. एका बाजूने वाळलेल्या ती उलटून ठेवत होती. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते.

"बठ. पानी देऊ का?" ती अहिराणीत बोलली, पूर्वीसारखीच. मी शिकायला जळगावला गेल्यापासून घरातही प्रमाण मराठीत बोलतो. तिने कधी बदलले नाही.

पाणी पिऊन झाल्यावर मी म्हणालो, "नानांच्या बातमीत तुझं नाव राहून गेलं."

"राहीन गयं?" तिने हातातली बिबडी ठेवली. "तू कधी काही राहू देस का? मी सातवीमा व्हती, तू चौथीमा. मनी वहीमधल्या चुका तू मोजे, आन् नानाले दखाडे."

खरे होते. सातवीतल्या बहिणीच्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ चौथीतला भाऊ काढत असे.

"गाळलं," मी म्हणालो. "मी गाळलं. कुणी सांगितलं नव्हतं."

तिने पुढची बिबडी उलटली. एक रांग उलटून झाली. मग तिने मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. बातमी तिने छापून आली त्याच दिवशी वाचली होती. छोट्या निधनवार्तेत आम्ही मधले नाव देत नाही, जागा नसते. गिरणीचा उल्लेखही त्याच कारणाने उडाला होता. आमच्या गावात नानांच्याच नावा-आडनावाचे दुसरे एक गृहस्थ आहेत, वयानेही तेवढेच. त्यांना एकच मुलगा. अक्काने 'एक मुलगा' वाचले आणि ते गृहस्थ गेले असे समजून पेपर घडी करून ठेवला. नवऱ्याला म्हणालीही, आमच्या गल्लीतले होते, माणूस चांगला होता. बारा दिवसांनी गावातल्या वर्गमैत्रिणीचा फोन आला. गंधमुक्तीलाही का आली नाहीस, असे ती विचारत होती. आमच्याकडे सुतक फेडण्याच्या विधीला गंधमुक्ती म्हणतात. तोही दिवस उलटून गेला होता.

"मंग मी पेपर काढीसन परत वाचं," अक्का म्हणाली. "तव्हय समजनं, नाना गयात. आन् तू माले काढी टाकं."

वर ऊन होते. तिचे बघून मीही बिबड्या उलटायला घेतल्या. पहिली मोडली.

"अर्ध्या ओल्या शेतस. ऱ्हाऊ दे." मग तिने कारण विचारले, "कसाले करं?"

मी उत्तर तयार करून आलो नव्हतो. बोलायला लागलो तेव्हाच मलाही ते पहिल्यांदा ऐकू आले. "तू गेलीस आणि मागे मी राहिलो. नानांची औषधं, गिरणीचा पट्टा तुटला की मी, लग्नकार्याला दोघांना घेऊन जायचं तर मी. नाना मला कधी बरं म्हणाले नाहीत. तुझं नाव घेत नसत, पण जेवताना दोन घास कमी खायचे, तेव्हा मला कळायचं कुणासाठी. त्या दिवशी मला वाटलं असेल, एवढी एक ओळ तरी माझी एकट्याची असू दे."

अक्काने मोडलेली बिबडी उचलून बाजूला ठेवली.

"मांगता तर दी देती," ती म्हणाली. मागितली असतीस तर देऊन टाकली असती. ती हसत नव्हती, पण आवाज रागाचाही नव्हता.

नानांचे वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आले होते. मी तिला ये म्हटले. तिने एक प्रश्न विचारला. "मी दारवर येऊ, का घरमा येऊ?"

खानदेशात मयताच्या घरी समाचाराला जाण्याला दारवर जाणे म्हणतात. आलेली माणसे बाहेर सतरंजीवर बसतात, पाणी घेतात, दोन शब्द बोलतात आणि उठतात. घरच्या लेकीला दारवर येता येत नाही. ती आत असते.

"आबांना आणि मायला विचारून कळवतो," मी म्हणालो.

"इचारू नको. इचारशी तर त्यासले इचार करना पडी. सांग."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो. आबांना म्हणालो, "उद्या मी अक्काला आणतो आहे."

"जावई बी येस का?"

"हो."

"मंग पंगतमा दोन पानं वाढाव," आबा म्हणाले. अकरा वर्षांचा विषय त्यांच्यापुरता तेवढ्यात संपला. तो इतका अवघड आहे असे मी धरून चाललो होतो.

माय स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तिला मी सगळे सांगितले: पेपरमधून नाव मी काढले होते, फोनही मी केला नव्हता, अक्काला बारा दिवस काही कळलेच नव्हते. मायने सूप खाली ठेवले.

"वरीसभर मी तिलेच बोल लावात," ती म्हणाली. "तू समोर बठेल व्हता."

"हो."

ती उठून मागच्या अंगणात गेली. त्या दिवशी पुन्हा माझ्याशी बोलली नाही.

सकाळी दहाच्या सुमारास अक्का आणि तिचा नवरा फाट्यावर उतरले. मी त्यांना घेऊन आलो. अंगणातल्या सतरंजीवर बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून तिच्यासाठी जागा केली. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, बाहेरून आलेल्याला जागा करायचीच असते. अक्का क्षणभर थांबली, मग चप्पल काढून सरळ आत गेली. मी दारातच उभा होतो. माय चुलीजवळ होती. तिने वळून पाहिले. दोघींपैकी कुणी रडले नाही, निदान तेव्हा नाही.

"डांगर चिरानं बाकी शे," माय म्हणाली.

अक्काने पदर खोचला आणि लाल भोपळ्याच्या फोडी करायला बसली. थोड्या वेळाने मायने दार लोटून घेतले. ते माझ्यासाठी होते की धुरासाठी, सांगता येत नाही. पंगतीत आबांनी जावयाला शेजारी बसवून केळीच्या भावाची चौकशी केली. माझे पान बायकोने वाढले.

त्यानंतर माय रोज सुनेला फोन करते, नातींशी बोलते. मला फोन द्या, असे म्हणत नाही. मी निधनवार्ता आता पाठवणाऱ्याच्या मजकुराप्रमाणे लावतो. शंका आली तर घरीच फोन करतो, दुकानात नाही. झोपेत दात खाणे कमी झाले आहे, असे बायको म्हणते. पूर्ण थांबलेले नाही.

परवा अक्काचा फोन आला होता.

"माय बोलनी का?"

"नाही."

"कितला दिन व्हयनात?"

"एकवीस."

"मनासंगे नाना दहा वर्ष बोलनात नहीत. एकवीस दिनमा तू काय थकी गया?"

"नाही," मी म्हणालो. मग तिने सांगितले की पुढच्या रविवारी ती गावी जाणार आहे, बिबड्यांचा डबा मायला द्यायला. फैजपूरहून जळगावमार्गे जाणारी सकाळी सहाची गाडी पकडणार आहे. तू येतोस का, असे तिने विचारले नाही. फोन ठेवण्याआधी मीच तिला सांगितले की त्या गाडीला मी जळगाव स्टँडवर असेन.